मार्जाराचें विमानगमन

परदेशीं निघालेल्या मुलांच्या सामानांत काय काय असतें, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला, देवांची लहानशी तसबीर, आणि तळाशीं आईनें कोणाच्या नकळत घडी करून ठेवलेलें एखादें जुनें लुगडें. अलीकडे या सामानाच्या जोडीला एक सजीव सोबती निघूं लागला आहे. तो म्हणजे घरचें मांजर. मांजर आडवें गेलें म्हणून उंबरठ्यावरून परत फिरणारीं माणसें आम्हीं लहानपणीं पुष्कळ पाहिलीं आहेत. आतां तेंच मांजर आडवें न जातां बरोबर येऊं पाहत आहे! हें ऐकून कांहीं वाचक हसतील. त्यांनीं खुशाल हसावें. परंतु ज्या घरावर हा प्रसंग येतो, त्या घरांत हसण्यासारखें फारसें कांहीं नसतें.

पुण्याच्या एका वाचकभगिनींचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची कन्या व जामात नोकरीनिमित्त जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहरीं जावयाचीं आहेत. त्यांस नऊ वर्षांची मुलगी आहे, आणि त्या मुलीच्या पायांशीं निजणारें सहा वर्षांचें मांजर आहे. त्याचें नांव मनी. “मनीला टाकून मी येणार नाहीं,” असें म्हणून नातीनें दोन दिवस ताटावर बसण्याचें नाकारलें. जामातांचें म्हणणें असें कीं, मांजर स्थळाला धरून राहतें, माणसाला नव्हे. तें शेजाऱ्यांस द्यावें. कन्येनें तर बाजारांतून पाठीवर अडकवावयाची एक थैली आणूनही ठेवली आहे. तिला पुढें पारदर्शक प्लास्टिकचा घुमट असून त्यांतून एक मांजर प्रसन्न मुद्रेनें बाहेर पाहत आहे, असें चित्र वेष्टनावर छापलेलें आहे. भगिनी विचारतात, “ही थैली पुरेल काय? आणि मुक्या जिवाला एवढ्या दूर नेणें हें दयेचें काम, कीं निर्दयतेचें?”

या दोन प्रश्नांपैकीं दुसरा मोठा खरा. परंतु त्याचें उत्तर पहिल्याच्या पोटांत आहे. नेणें दयेचें ठरेल कीं निर्दयतेचें, हें बव्हंशीं पेटीवर अवलंबून असतें. ती कोणत्या मापाची, कोणत्या घडणीची, आणि विशेषतः प्रवासाच्या किती दिवस आधीं घरांत आली, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे त्या मांजराचा प्रवास कसा होणार हें पुष्कळ अंशीं सांगतां येतें. म्हणून आम्ही प्रथम पेटीचाच विचार करतों.

परंतु पेटी निवडण्याआधीं वाट निवडावी लागते. विमानानें मांजर नेण्याच्या वाटा तीन. पहिली, प्रवाशांच्या दालनांत, आपल्या पुढील आसनाखालीं. दुसरी, त्याच विमानाच्या पोटांत, आपल्या सामानापैकीं एक नग म्हणून. तिसरी, विमानाच्या पोटांतच, परंतु माल म्हणून, स्वतंत्र पावतीवर. यांपैकीं कोणती वाट मोकळी आहे हें विमानकंपनी आणि ज्या देशीं जावयाचें तेथील सरकार, हीं दोघें मिळून ठरवितात. धन्याची इच्छा तिसऱ्या क्रमांकावर येते. ब्रिटनमध्यें विमानानें जाणाऱ्या मांजरास सामान्यतः मालाच्याच वाटेनें जावें लागतें, मग धन्याचें आसन कितीही उंची किंमतीचें असो. दुबईची एमिरेट्स कंपनी मांजरास प्रवाशांच्या दालनांत घेत नाहीं. ससाण्यास मात्र कांहीं ठराविक मार्गांवर घेते! उलट लुफ्तान्सा, एअर फ्रान्स, केएलएम या युरोपीय कंपन्यांत पेटीसह ८ किलोपर्यंत वजनाचें मांजर दालनांत नेतां येतें. परंतु एका विमानांत असे प्राणी मोजकेच घेतात. यास्तव आधीं आपलें तिकीट आणि मग मांजराची चौकशी, हा क्रम सोडून द्यावा. आधीं मांजराची जागा लेखी पक्की करावी, आणि मग माणसांचीं तिकिटें काढावीं. वाटेंत विमान बदलावयाचें असेल, तर दोहोंपैकीं ज्या कंपनीचा नियम अधिक कडक, तोच आपला नियम समजावा. शक्य तोंवर विमान बदलूंच नये. मुंबईहून फ्रँकफुर्टपर्यंत थेट विमान आठ-नऊ तासांत जातें. मध्यें एखाद्या विमानतळावर सहा तास वाट पाहण्यापेक्षां हें कितीतरी सुखाचें.

वाट ठरली कीं पेटीचें रूप आपोआप ठरतें. दालनांतल्या मांजरास मऊ थैली, आणि विमानाच्या पोटांतल्या मांजरास कठीण पेटी. या दोहोंचे गुण परस्परविरुद्ध असल्यामुळें एकच वस्तु दोन्हींकडे चालेल अशी आशा धरूं नये.

मऊ थैलीची परीक्षा आसनाखालच्या जागेनें होते. एअर फ्रान्सची मर्यादा ४६ सेंटिमीटर लांब, २८ रुंद व २४ उंच अशी आहे. लुफ्तान्साची ५५ लांब, ४० रुंद व २३ उंच. दोन्हींत उंची सर्वांत कमी आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईलच. साधारण मांजर उभें राहिलें कीं त्याचें मस्तक याहून उंच जातें. मग कठीण पेटीपेक्षां मऊ थैली कां बरी, तर तिचें छप्पर मांजराच्या पाठीबरोबर थोडें वर उचलतें आणि आसनाखालीं सरकवितांना तितकेंच खालीं दबतें. थैली घेतांना पुढील गोष्टी हातानें चाचपून पाहाव्या. तळ पाणी न झिरपणारा असावा आणि उचलल्यावर झोळीसारखा लोंबूं नये; लोंबणाऱ्या तळावर मांजरास पाय रोवतां येत नाहींत. जाळी किमान दोन-तीन बाजूंस असावी आणि नखानें धागा ओढला तरी उसवूं नये. चेनीचीं दोन्ही टोंकें एकमेकांस कडीनें अडकवितां आलीं पाहिजेत, कारण नाकानें ढकलून चेन उघडण्याची विद्या बहुतेक मांजरांस उपजत येते.

आतां त्या घुमटाच्या थैलीविषयीं. ती पाठीवर घेतल्यास शोभिवंत दिसते, यांत शंका नाहीं. परंतु तिची घडण उभी असल्यामुळें आसनाखालीं तिला जागा मिळत नाहीं. वारा येण्यास चार-दोन भोकें तेवढीं असतात. आणि उन्हांत घुमट तापला म्हणजे आंतल्या जिवाची अवस्था काय होत असेल, तें बंद मोटारींत दुपारीं बसून पाहिलेल्यास सांगावयास नको. शिवाय भ्यालेल्या मांजरास जग पाहावयाचें नसतें. त्यास जगापासून लपावयाचें असतें. तो घुमट पाहणाऱ्याच्या कौतुकासाठीं आहे, आंत बसणाऱ्याच्या सुखासाठीं नव्हे. भगिनींनीं ती थैली परत करावी, असेंच आम्ही सुचवितों.

कठीण पेटीचें शास्त्र अधिक नेमकें आहे. १९४५ सालीं हवाना येथें स्थापन झालेली विमानकंपन्यांची एक जागतिक संघटना आहे. तिचें आद्याक्षरी नांव आयाटा. सजीव प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधीं तिचें एक स्वतंत्र नियमपुस्तक असून जगांतल्या बहुतेक कंपन्या तें प्रमाण मानतात. त्याचें तत्त्व एवढेंच, कीं प्राण्यास आंत स्वाभाविकपणें उभें राहतां, वळतां आणि पाय पसरून निजतां आलें पाहिजे. हें मोजावयाचें कसें, तेंही त्यांत सांगितलें आहे. मांजर उभें असतां चार मापें घ्यावीं: नाकापासून शेंपटीच्या मुळापर्यंत लांबी, जमिनीपासून पुढील पायाच्या कोंपरापर्यंत उंची, खांद्यांची रुंदी, आणि जमिनीपासून मस्तकापर्यंत अथवा कानांच्या टोंकांपर्यंत, जें उंच असेल तेथपर्यंत, एकंदर उंची. पहिल्या मापांत दुसऱ्याचें निम्में मिळविलें कीं पेटीची आंतली लांबी येते. तिसरें माप दुप्पट केलें कीं रुंदी. चौथ्यांत अंथरुणाची जाडी मिळविली कीं उंची.

आम्ही आयुष्यभर मुलांना गणितें घातलीं. तेव्हां येथेंही एक घालतों. समजा, मनीची लांबी ४४ सेंटिमीटर, कोंपराची उंची १६, खांद्यांची रुंदी १२ आणि एकंदर उंची ३० आहे. तर पेटी आंतून निदान ५२ सेंटिमीटर लांब, २४ रुंद, आणि अंथरूण तीन सेंटिमीटर धरल्यास ३३ उंच हवी. बाजारांत याच मापाची न मिळाल्यास तिच्यावरची घ्यावी, खालची कदापि घेऊं नये. पर्शियन मांजराप्रमाणें नाक चपटें असल्यास प्रत्येक माप दहा टक्क्यांनीं वाढवावें; अशा मांजरांस विमानाच्या पोटांत घेण्यासच कित्येक कंपन्या नाकारतात, कारण आंखूड नाकाच्या प्राण्यास उष्मा व भीति या दोहोंत श्वास पुरत नाहीं. दुकानदार वजनावरून पेटी देतो. पांच किलोस ही, सात किलोस ती, असें त्याचें कोष्टक असतें. परंतु पांच किलोचें मांजर आंखूड व गुबगुबीत असेल अथवा लांबोडकें व सडपातळ असेल. तेव्हां माप मांजराचें घ्यावें आणि तें घेऊन दुकानांत जावें.

मापानंतर घडण. चारही बाजूंस वारा येण्यास झरोके हवेत, आणि ते इतके बारीक कीं नाक अथवा पंजा बाहेर येऊं नये. दार धातूच्या जाळीचें हवें. पेटीचे खालचे व वरचे अर्धे भाग प्लास्टिकच्या चिमट्यांनीं नव्हे, तर धातूच्या नटबोल्टांनीं जोडलेले हवेत. चाकें असल्यास काढून टाकावीं. पाण्याचें व अन्नाचें भांडें दारास आंतून अडकविलेलें असून दार न उघडतां बाहेरून भरतां आलें पाहिजे. आंत सजीव प्राणी आहे व वरची बाजू कोणती, हें सांगणाऱ्या चिठ्ठ्या मोठ्या अक्षरांत चिकटवाव्या, आणि धन्याचें नांव, पत्ता व दूरध्वनि छपरावर लिहावा. आमच्या लहानपणीं मांजर परगांवीं न्यावयाचें तें वेताच्या करंडींत. झांकण सुतळीनें बांधलें कीं झालें. ती करंडी आगगाडीस पुरली. विमानाच्या पोटांत ती चालत नाहीं, आणि नुसत्या तारेचा घडीचा पिंजराही चालत नाहीं.

हे नियम वाचून कोणी म्हणेल, कीं एका मांजरासाठीं हा केवढा खटाटोप! त्यांच्यासाठीं एक जुनी हकीकत सांगतों. वॉल्टर वेलमन नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें १९१० च्या ऑक्टोबरांत ‘अमेरिका’ नांवाच्या हवाई जहाजांतून अटलांटिक महासागर ओलांडण्याचा यत्न केला. त्या जहाजावर एक मांजर होतें; पुढें तें किडो या नांवानें प्रसिद्ध झालें. जमीन सुटतांच तें इतकें ओरडूं व धांवूं लागलें, कीं खलाशांनीं त्यास एका पिशवींत घालून दोरानें खालच्या नावेंत उतरविण्याचा घाट घातला. समुद्र खवळलेला असल्यामुळें तें साधलें नाहीं आणि पिशवी पुन्हां वर ओढावी लागली. कांहीं वेळानें मांजर शांत झालें. जहाज मात्र महासागर ओलांडूं शकलें नाहीं. तीन दिवसांनीं ‘ट्रेंट’ नांवाच्या आगबोटीनें सर्व माणसांस व मांजरास वांचविलें. सागरावर उडालेल्या त्या मांजराच्या वांट्यास एक पिशवी आणि एक दोर, एवढीच व्यवस्था आली. आज जे नियम आपल्यास जाचक वाटतात, ते अशा प्रवासांच्या अनुभवांतून हळूहळू घडलेले आहेत.

आणि ते पाळले नाहींत तर काय होतें, याचेंही एक उदाहरण आमच्या परिचयांतलें आहे. एक सुशिक्षित कुटुंब मांजरासह निघालें. पेटी मोठी, देखणी आणि महाग होती. परंतु तिचे दोन भाग प्लास्टिकच्या चिमट्यांनीं जोडलेले होते. विमानतळावरील कर्मचाऱ्यानें पेटी मुठीनें उचलली, छपरावर हात दाबला, आणि एक चिमटा टचकन् उडाला. त्यानें मांजर घेण्याचें नाकारलें. रात्रीच्या दीड वाजतां नटबोल्ट कोठें मिळणार? अखेरीस पत्नी व मुलगा पुढें गेलीं, गृहस्थ मांजर घेऊन घरीं परतले, आणि चौथ्या दिवशीं दुसऱ्या तिकिटानें निघाले. त्या तिकिटाच्या पैशांत तशा दहा पेट्या आल्या असत्या. नटबोल्टांस मात्र शेजारच्या लोखंडी सामानाच्या दुकानांत चहाच्या किंमतीएवढेच पैसे पडले. आम्ही त्या कर्मचाऱ्यास दोष देत नाहीं. तो चिमटा विमानतळावर न उडतां धांवपट्टीवर उडाला असता, तर?

येथपर्यंत पेटीचें माप व घडण झाली. आतां तिसरी गोष्ट, म्हणजे ती घरांत केव्हां आणावी. आणि आमच्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. येथें सरकारी नियम आपल्या मदतीस येतात, असें म्हटल्यास वाचकांस नवल वाटेल. भारतांतून युरोपीय संघाच्या देशांत मांजर न्यावयाचें असल्यास प्रथम त्याच्या कातडीखालीं १५ आंकडी क्रमांकाची मायक्रोचिप बसवावी लागते. तिच्यासमवेत अथवा नंतर रेबीजची लस. आधीं टोंचलेली मोजली जात नाहीं. लसीनंतर निदान ३० दिवसांनीं रक्त काढून तें संघानें मान्य केलेल्या प्रयोगशाळेंत तपासून घ्यावें लागतें. आणि रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने थांबावें लागतें. शेवटीं निघण्याच्या आधीं, पोंचेपर्यंत दहा दिवसांची मुदत उलटणार नाहीं अशा बेतानें, सरकारी पशुवैद्यकीय दाखला. यासाठीं मुंबईस केंद्र सरकारचें प्राणी-विलगीकरण कार्यालय आहे. हा सर्व हिशेब केला तर चार महिने सहज लागतात. ब्रिटनमध्यें तर पूर्वीं बाहेरून आलेल्या मांजरास सहा महिने विलगीकरणांत ठेवीत; २००० सालीं कांहीं देशांपुरती आणि २०१२ पासून आपल्यासारख्या देशांसही लस व रक्ततपासणीच्या अटीवर ती अट सुटली. तेव्हां चार महिन्यांबद्दल कुरकुर करण्याचें कारण नाहीं. लोक हा काळ कागदपत्रांच्या चिंतेंत घालवितात. आम्ही म्हणतों, हा काळ पेटीच्या अभ्यासाचा आहे. ज्या दिवशीं मायक्रोचिप बसवाल, त्याच दिवशीं पेटी घरांत आणा.

पहिल्या महिन्यांत पेटीचा वरचा भाग काढून खालचा नुसता, मांजर नेहमीं जेथें निजतें त्या कोंपऱ्यांत ठेवावा. त्यांत मांजराचें रोजचें अंथरूण घालावें आणि तें धुऊं नये. मांजराच्या गालांशीं गंधाच्या ग्रंथि असतात. ज्या वस्तूवर तें गाल घांसतें, ती त्याच्या दृष्टीनें आपली झाली. दुसऱ्या महिन्यांत वरचा भाग बसवावा व जेवण आंत द्यावें. तिसऱ्यांत दार दोन मिनिटें लावावें, मग पांच, मग पंधरा. आणि मांजर ओरडत असतां दार उघडूं नये, क्षणभर गप्प झालें म्हणजे उघडावें. चौथ्यांत पेटीसह रिक्षांतून पेठेला एक फेरी, आणि नंतर मोटारींतून तास-दोन तास. जें मांजर पेटी फक्त पशुवैद्याकडे जातांना पाहतें, त्यास ती पेटी म्हणजे सुईचें घर वाटतें. जें चार महिने तींत निजतें, त्यास ती पेटी म्हणजे आपलें घर वाटतें.

येथेंच जामातांच्या आक्षेपाचें उत्तर मिळतें. मांजर स्थळाला धरून राहतें हें त्यांचें म्हणणें खोटें नाहीं. परंतु तें अर्धें आहे. २०१९ सालीं अमेरिकेंतील ओरेगन राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनीं मांजरांस अनोळखी खोलींत धन्यासह, मग धन्याविना, आणि मग पुन्हां धन्यासह ठेवून पाहिलें. सुमारें दोन-तृतीयांश मांजरें धनी परत येतांच निर्धास्त झालीं. म्हणजे मांजर माणसालाही धरून राहतें. स्थळ सुटलें तर माणूस हवें, आणि माणूस सुटलें तर स्थळ हवें. दोन्ही एकदम सुटणें हीच खरी निर्दयता. नीट संवय झालेली पेटी ही त्या स्थळाचा बरोबर नेण्याजोगा तुकडा होय.

मार्जार हा शब्द आम्ही मुलांना शिकवीत असूं, तेव्हां त्याचा धातु सांगत असूं. मृज् म्हणजे पुसणें, स्वच्छ करणें; जें सदैव आपलें अंग स्वच्छ करीत असतें तें मार्जार. अशा प्राण्यास स्वतःच्या मलमूत्रांत बसणें हें उपासापेक्षां दुःसह होतें. म्हणून पेटीच्या तळाशीं ओल शोषून घेणारी गादी घालावी आणि तीवर घरचें अंथरूण. निघण्यापूर्वीं चार-सहा तास अन्न देऊं नये. पाणी मात्र तोडूं नये. भांड्यांतलें पाणी आदल्या रात्रीं गोठवून ठेवल्यास वाटेंत सांडत नाहीं व हळूहळू वितळून मिळतें. गळ्यांत पट्टा ठेवून पेटींत बंद करूं नये, तो जाळींत अडकतो. गुंगीचें औषध आपल्या मनानें देऊं नये. उंचावर त्यानें श्वास व रक्तदाब बिघडण्याचा धोका असतो, आणि गुंगीतील प्राणी घेण्यास कंपन्या राजी नसतात. दालनांतून न्यावयाचें असेल तर आणखी एक गोष्ट. तपासणीच्या ठिकाणीं अनेक विमानतळांवर मांजर बाहेर काढून कडेवर घ्यावें लागतें आणि रिकामी थैली यंत्रांतून जाते. त्या वेळीं छातीभोंवतीं बांधावयाचा पट्टा व दोरी नसेल, तर भ्यालेलें मांजर हातांतून निसटून त्या प्रचंड दालनांत कोठें दडेल, याचा नेम नाहीं. त्या पट्ट्याचीही संवय घरींच करावी.

विमानाच्या पोटाविषयीं लोकांच्या मनांत जें भय असतें, तें कांहीं अंशीं अस्थानीं आहे. जेथें प्राणी ठेवतात त्या भागांत हवेचा दाब प्रवाशांच्या दालनासारखाच राखतात आणि ऊबही ठेवतात. धोका अधिक आहे तो जमिनीवर, विमानांत चढविण्यापूर्वीं उन्हांत वाट पाहण्यांत. म्हणून एप्रिल-मे टाळावे. आणि मुंबईहून युरोपकडे जाणारीं पुष्कळशीं विमानें मध्यरात्रीनंतर निघतात, तीं या दृष्टीनें बरीं.

इतकें सर्व केलें तरी कांहीं मांजरें नेऊं नयेत. अतिशय म्हातारें, मूत्रपिंडाच्या अथवा हृदयाच्या विकारानें पीडलेलें, गाभण, अथवा चपट्या नाकाचें असून ज्यास दालनांत जागा मिळत नाहीं असें मांजर मागें ठेवणें हीच दया. मात्र तें रस्त्यावर किंवा अनोळखी ठिकाणीं नव्हे, तर त्याच घरांत, ओळखीच्या हातीं. हातून मांजर मेलें तर सोन्याचें मांजर करून काशीस दान द्यावें लागतें, असें आपल्याकडील वडील माणसें सांगत. त्या सोन्याचा अर्थ आम्ही एवढाच घेतों, कीं ज्या प्राण्यास आपण आपल्या चुलीची संवय लावली, त्याच्या जिवाची किंमत आपल्या खात्यावर मांडली गेली आहे.

मनी सहा वर्षांची असून निरोगी आहे. तेव्हां आमचें उत्तर असें, कीं तिला न्यावें. प्रथम पशुवैद्याकडून तिची प्रकृति तपासून घ्यावी. मग कंपनीस लिहून दालनांत जागा मिळते कीं नाहीं तें पाहावें. मिळाल्यास मऊ थैली, न मिळाल्यास नटबोल्टांची पेटी आणावी. मापें नातीकडून घ्यावींत. टेप तिच्या हातीं द्यावी, आंकडे तिनेंच वहींत लिहावे, आणि रोज संध्याकाळीं पेटींत जेवण ठेवण्याचें काम तिचें असावें. जिला मांजर नेण्याचा हट्ट करतां येतो, तिला चार महिने त्याचा अभ्यासही करवतां आला पाहिजे. आणि हें काम हातीं आलें म्हणजे ती ताटावरही बसेल.

पत्राच्या शेवटीं भगिनींनीं मनीला ताक चालत नाहीं, ढगांच्या गडगडाटास ती भिते, दुपारीं तिला कोणाच्या तरी मांडीशेजारी जागा लागते, असें बरेंच लिहिलें आहे. त्यावरून त्या घरांत मनीस रोज कोण सांभाळतें, हें आमच्या ध्यानांत आलें. पेटी आली म्हणजे त्यांनीं आपल्या जुन्या लुगड्याची एक लहान गोधडी तिच्या मापानें शिवावी आणि कांहीं दिवस आपल्या मांडीवर घेऊन मग आंत घालावी. फ्रँकफुर्टच्या घरांत पहिले कांहीं दिवस मनी पलंगाखालीं दडून बसेल. त्या वेळीं पेटी उघडी करून जवळ ठेवावी. गोधडीचा वास तिला बाहेर काढील. गोधडी कोमट पाण्यांत एकदां धुतली तरी चालेल, पण ती महिन्यानंतर.